ताकातलं पाणी

गुढीपाडवा, सकाळी दहाचा सुमार, अनामत रुपये सहाशे. हजर: घरमालक, मोठेबाबा, अण्णा, आणि दाराच्या आतल्या बाजूला आई व मी. पैसे अण्णांच्या फंडातून उचललेले होते, ते मोजून दिले मोठेबाबांनी, पावती फाटली मोठेबाबांच्या नावानं, आणि जागा झाडायला खराटा आला तो आईच्या हातात. लातूरमधल्या आमच्या भोजनालयाची सगळी व्यवस्था त्या पहिल्या तासातच ठरून गेली. खरं तर आमच्या घरात मुहूर्त बघायची रीत नव्हती. आम्ही बौद्ध, आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा पंचांग, सोवळं, शुभ-अशुभ हे सगळं आमच्या गावच्या, उमरीच्या घराबाहेर ठेवलं होतं. पण मोठेबाबा म्हणाले, "आपण न्हाई मानत, पर गिऱ्हाईक मानतंय. धंद्यात गिऱ्हाइकाचा मुहूर्त धरावा लागतो." अण्णांनी मान हलवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. महिन्यातून दोनदा घरी यायचे आणि आल्यावर बहुतेक वेळ मानच हलवायचे. "दादा म्हणतील तसं" हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आज त्यांचा आवाज आठवायचा म्हटलं तर तेच आधी ऐकू येतं.

मोठेबाबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, किसन माधव सोनकांबळे. उमरीच्या एका जिनिंगमध्ये ते काट्यावर कामाला होते. पाऊस सलग ओढ देत गेला, कापूस आटला, जिनिंग बंद पडलं. ते काही त्यांच्यामुळं नव्हे, एवढं लिहून ठेवते. मी आयुष्यभर एका पतसंस्थेत जमा-नावे लिहीत आले, तेव्हा जमेची बाजू आधी. लातूर जिल्हा झाला, म्हणजे कचेऱ्या येणार. कचेऱ्यांबरोबर कारकून येणार. पाण्याचे हाल म्हणून ते बायकामुलं गावाकडं ठेवून एकटे येणार. आणि एकट्या माणसाला दोन वेळा भूक लागणार, हा विचार त्यांचाच, आणि तो बरोबर होता. त्यांना आयुष्यात सुचलेली ती एवढीच बरोबर गोष्ट. तिच्या जोरावर त्यांनी पुढं आम्हा सगळ्यांना हाकलं.

"धंदा म्हणजे रिस्क," ते म्हणायचे. हा शब्द त्यांनी कुठून उचलला होता कुणास ठाऊक, पण तो त्यांना फार आवडायचा. "रिस्क मी घेतो. तुम्ही निस्तं काम करा." रिस्क घेण्यासाठी त्यांनी एक लोखंडी खुर्ची आणली, ती दारात सावलीच्या बाजूला ठेवली आणि सफारी घालून तिच्यावर बसले. निस्तं काम म्हणजे उजाडायच्या आत चूल पेटवणं, पायलीभर ज्वारीचं पीठ मळणं, भाजी निवडणं, डाळ शिजवणं, ताक घुसळणं, दोन पंगती वाढणं आणि नंतर ताटांचा ढीग राखेनं घासणं. हे आई करायची. मी बारावी कॉमर्सला होते. कॉलेज सांभाळून वाढपाचं आणि बाजाराचं माझ्याकडं होतं.

त्यांना दिसलेला धोका एकच: आडनाव. ही भीती पोकळ होती असं मी म्हणणार नाही. त्या गावात खोली मागायला गेलं तर आडनाव आधी विचारत आणि भाडं नंतर सांगत. पण मोठेबाबांनी त्यावर काढलेला तोडगा बघा. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दारावर पेंटरनं पाटी रंगवली: 'गोदावरी भोजनालय, शुद्ध शाकाहारी, प्रोप्रा. के. एम. उमरीकर.' सकाळी आम्ही सोनकांबळे होतो, दुपारी रंग वाळेपर्यंत उमरीकर झालो. बुद्धाची तसबीर बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्याच्या वर. तिच्या जागी सिमेंटच्या दुकानातलं लक्ष्मीचं कॅलेंडर आलं. आईनं पडद्याबाहेर यायचं नाही असा हुकूम झाला. मला मात्र परवानगी मिळाली. "तुझी भाषा शाळंतली हाय. तू चालतीस," मोठेबाबा म्हणाले. मी चालते हे ऐकून मला तेव्हा काय वाटलं ते आता नीट आठवत नाही, पण आईनं माझ्याकडं न बघता भाकरी जरा जोरात थापली, ते आठवतं.

आणखी एक रीत इथंच सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनंही त्याच्याशी नाही. आई समोर हातभर अंतरावर बसलेली असली तरी मोठेबाबा मला सांगत, "शोभे, तुझ्या आईला सांग, आमटीला मीठ कमी पडलं." आई पदर पुढं ओढून मलाच सांगे, "बघते म्हणाव." मी मधली तारवाली. आजोबांनी धम्म घेताना पुष्कळ टाकलं. हे एवढं राहून गेलं, कारण ते पुरुषांच्या सोयीचं होतं. भावजय थेट बोलत नाही म्हणजे तिला विचारायलाही लागत नाही.

जेवण मात्र असं होतं की आज साठीला टेकले तरी त्याची सर आलेलं ताट मला कुठं मिळालेलं नाही. तव्यावरून थेट ताटात पडणारी पातळ भाकरी, लातूरच्या तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, येसर मसाला घातलेली झणझणीत आमटी, शेंगदाण्याची कुटलेली चटणी, रविवारी धपाटे. पडद्याआडून येणारा भाकरीच्या थापांचा आवाज एका चालीत असायचा आणि पंगत वाढली की तो जलद व्हायचा. बसलेल्या माणसाला बाई दिसायची नाही, पण भाकरी किती वेळात येईल ते कळायचं. जेवणाऱ्यांमध्ये दोघांची ओळख करून द्यायला हवी. एक देशमुख भाऊसाहेब, हेडक्लार्क, पन्नाशीचे, बारा महिने सर्दीनं बेजार, कमी बोलणारे. दुसरा बिराजदार, निलंग्याकडचा, नुकता नोकरीला लागलेला पोरगेला कारकून. त्याच्या बोलण्यात कानडी यायचं. न दिसणाऱ्या माझ्या आईला तो पडद्याकडं तोंड करून 'अक्का' म्हणायचा, आणि भात आला की ओरडायचा, "अक्का, मज्जिगे हाय न्हवं?" मज्जिगे म्हणजे ताक. भाताबरोबर एक, भातानंतर एक, हात धुऊन आल्यावर एक, असे पेले तो रिचवायचा. आत आई हसायची. बाहेरच्या माणसानं तिला नात्यानं हाक मारलेली त्या सबंध वर्षात तेवढीच.

आता पाणी. परसातला आड होळीच्या आधीच कोरडा पडला होता. नगरपालिकेचा टँकर चार-चार दिवसांनी यायचा. त्याचा भोंगा वाजला की सबंध गल्ली हातातलं टाकून धावायची आणि घागरींच्या खणखणाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. टँकरचं पाणी आम्ही घराशेजारच्या बोळाच्या तोंडाशी, रस्त्यालगतच्या लोखंडी ड्रममध्ये भरायचो. ते भांड्यांचं आणि पाय धुण्याचं. त्यात कधी गाळ, कधी पानं, कधी त्याहून वाईट काही असायचं. पिण्याचं पाणी एक गाडीवाला शेतातल्या विहिरीवरून आणून घागरीच्या हिशोबानं विकायचा. शेजारच्या गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि रिक्षावरून 'पाणी उकळून प्या' असं ओरडत माणूस फिरला, त्या दिवसापासून मी ते विकतचं पाणीही उकळायला लागले. मोठेबाबा खुर्चीवरून उठून आत आले. "तुऱ्हाट्या काय फुकट येतात व्हय? जळण किती लागून रायलं बघितलंस का?" मी बघितलं होतं. रोजचं जळण केवढ्याचं आणि एक दिवस भोजनालय बंद राहिलं तर बुडणार केवढं, हे मी त्यांना तोंडी मांडून दाखवलं. ते म्हणाले, "पोरीच्या जातीला लई हिशोब चांगला न्हवं." दोन दिवसांनी देशमुख भाऊसाहेबांनी सहज विचारलं, "उमरीकर, पाणी उकळता ना?" मोठेबाबा छाती काढून म्हणाले, "म्हंजे काय साहेब! आपला नियमच हाय." संध्याकाळी पेंटर परत आला. पहिल्या पाटीखाली दुसरी पाटी लागली: 'येथे पाणी उकळून दिले जाते.' खुर्ची सरकवून त्यांनी बरोबर त्या पाटीखाली घेतली.

सबंध भोजनालयात ते स्वतःच्या हातानं एकच काम करायचे. ताक वाढायचे. पितळेची बादली आणि ओगराळं घेऊन सफारीतला माणूस पंगतीतून फिरतो आहे, "घ्या साहेब, घ्या, ताकाला न्हाई म्हणू नये," असा आग्रह करतो आहे, हे दृश्य त्यांना इतकं आवडायचं की ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. भाकरी मोजून, भाजी मोजून, पण ताक मात्र मागेल तेवढं. लोक त्यांना 'उमरीकर शेठ' म्हणायला लागले ते या बादलीमुळं. ताक आई सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात घुसळून ठेवायची. केवढं होतं ते तिला माहीत असायचं. ते दोन पंगतींना कसं पुरतं, हा प्रश्न मोठेबाबांना कधी पडला नाही, कारण त्यांच्या बादलीतलं ताक कधी संपलंच नाही.

एका शनिवारी गावात कुठल्याशा नव्या कचेरीचं उद्घाटन होतं. बाहेरगावचे साहेब, त्यांचे ड्रायव्हर, ठेकेदार असे पुष्कळ लोक आले होते. मोठेबाबा सकाळीच चौकात जाऊन लोकांना बोलावून आले. "आज कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई," त्यांनी मला बजावलं. "आईला सांग." आई म्हणाली, "म्हणाव, ताक पहिल्या पंगतीपुरतंच हाय. दुसरीला आमटीवर भागवा." मी सांगितलं. त्यांनी हात झटकला. दुसरी पंगत एवढी मोठी बसली की ओसरीपर्यंत ताटं गेली, आणि ताक सगळ्यांना मिळालं. बिराजदारला तर मागेल तेवढं. मोठेबाबा बादली घेऊन बोळातून बाहेर जायचे आणि भरून आत यायचे. आत आई रिकामं मडकं पालथं घालत मला म्हणाली, "काय गं, ताक पुरलं कसं?" मला भाकरी न्यायच्या होत्या. मी नेल्या.

रविवारी दुपारपासून एकेकाच्या बातम्या यायला लागल्या. जुलाब, उलट्या, पायांत गोळे. सोमवारी बिराजदारला सरकारी दवाखान्यात नेलं; त्याचे डोळे आत गेले होते आणि बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. सलाइनच्या बाटल्या बाहेरून विकत आणायला लागल्या, त्याचे पैसे आईनं दिले. त्याची आई निलंग्याकडून आली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. मोठेबाबा दवाखान्यात गेले नाहीत. त्यांनी भोजनालयाला आतून कडी लावली, लक्ष्मीच्या कॅलेंडरसमोर पहिल्यांदाच उदबत्ती लावली, आणि रिस्क घेणारा तो माणूस दिवसभर आतल्या खोलीत घोंगडी पांघरून पडला. चौथ्या दिवशी बिराजदारनं डोळे नीट उघडले. मग मोठेबाबाही उठले, दाढी केली, बाजारात जाऊन आले आणि माझ्यासमोर निर्णय सांगितला.

"शोभे, तुझ्या आईला सांग. गावात बोभाटा झालाय, सैपाकाच्या हाताला स्वच्छता न्हाई म्हणून. रविवारी मी समद्यांना बोलावलंय. सोमवारपासून सोवळ्यातली एक बाई सैपाकाला यील. आईनं मागं भांडी बघावी. पंगतीच्या येळंला घरात कुणी दिसू न्हाई."

आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "विचार, भाकरीनं जुलाब झाले का?"

"तिला सांग, आता तपास करायची येळ न्हाई. आता धंदा वाचवायची येळ हाय. कुटुंबप्रमुखाला कडू निर्णय घ्यावे लागतात."

ते खुर्चीवर जाऊन बसले. आईनं मला जवळ ओढलं. "कोण-कोण पडलं ते सांग," ती म्हणाली. मी नावं घेत गेले, ती प्रत्येकाची जागा सांगत गेली. तिनं त्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती, पण कोण कुठल्या पंगतीला बसतो, भाकरी कडक मागतो की मऊ, हे ती आवाजावरून ओळखायची. पहिल्या पंगतीतला एकही आजारी नव्हता. भाकरी, वरण, आमटी, पिण्याचं पाणी तेच. दुसरी पंगत जवळपास सगळी आडवी. देशमुख भाऊसाहेब दुसऱ्या पंगतीत होते आणि ठणठणीत होते. "त्यांना सर्दी," आई म्हणाली. "ते ताक घेत न्हाईत." आम्ही दोघी उठलो आणि बोळातून रस्त्यावर गेलो. ड्रमच्या लाकडी झाकणावर ताकाचे पांढरे ओघळ सुकले होते. एक-दोन नव्हेत, थरावर थर. म्हणजे हे त्या एका शनिवारचं नव्हतं. त्या शनिवारचं पाणी तेवढं वाईट निघालं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पतसंस्थेनं नांदेडच्या एका हॉटेलात आम्हा कर्मचाऱ्यांसाठी शिबिर ठेवलं होतं, 'रोजच्या व्यवहारातील जोखीम आणि नेतृत्व'. टाय लावलेल्या एका तरुणानं पडद्यावर बाण आणि गोल दाखवले आणि शेवटी विचारलं, तुमच्या आयुष्यातले पहिले लीडर कोण? कुणी वडील म्हणालं, कुणी गुरुजी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आमचे एक चुलते होते, त्यांनी मला सगळं शिकवलं. टाळ्या पडल्या. जेवणात बर्फ घातलेलं मसाला ताक होतं. मी वाढप्याला विचारलं, "यात पाणी कुठलं?" तो म्हणाला, "मॅडम, ताक हाय हे. पाणी बाजूला बाटलीत ठेवलंय." मी पेला पालथा घातला. बाण आणि गोलवाल्या तरुणानं दोन घेतले.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत आठ-दहा जण जमले. अजून अशक्त असलेले भिंतीला टेकून बसले होते. अण्णा आदल्या दिवशी देगलूरहून आले होते. आईनं त्यांना ओघळ दाखवले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दादाशी बोलतो मी." ते बोलले असतील असं मला वाटत नाही, कारण सकाळी ते दाराशी उभे होते आणि त्यांचे डोळे जमिनीवर होते. मोठेबाबा इस्त्रीच्या सफारीत उभे राहिले, घसा साफ केला.

"मंडळी, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर हाय. सैपाकाला एक बाई ठेवली होती. तिच्याकडून हयगय झाली. तिला मी कामावरून काढलं हाय. उद्यापासून..."

पडद्याच्या कड्या वाजल्या. आई बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंडापुढं नव्हता. समोरच्या माणसांनी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि दोघं-तिघं नकळत सरळ बसले.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती ठेवलेली बाई म्हंजे मीच का?"

मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं. सवयीनं. "शोभे, तुझ्या आईला सांग, आत..."

"शोभीला काय सांगता? मी हितं उभी हाय. मला सांगा." मग ती माझ्याकडं वळली. "आण गं."

मी बोळातून ड्रमच्या पाण्यानं भरलेला पेला आणला. पाणी गढूळ पिवळसर होतं. आईनं तो घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. "हे बाहेरच्या ड्रमातलं. रोज ताकात घालत होता ते. प्या."

"काय भलतंच! भांड्याचं पाणी हाय ते."

"मग ताकात कसं चाललं?"

"अगं, ताक म्हंजे काय पाणी हाय का?" मोठेबाबांचा आवाज चढला. त्यांना खरोखरच अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. "एवढी माणसं बसल्याली, ताक कमी पडलं म्हणू का त्यांना? इज्जत जाती! ताकात गेलं की ताकच होतंय ते. दह्याचा आंबूसपणा हाय, मीठ हाय. पिण्याचं पाणी उकळून देतोच की आपण! पाटी लावली हाय!"

त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि अजूनही त्यांना ते कळलं नव्हतं. भिंतीला टेकलेल्यांपैकी एकानं हळूच तोंडावर हात ठेवला. मग देशमुख भाऊसाहेबांनी रुमालात नाक शिंकरलं आणि रुमाल सावकाश घडी करत म्हणाले, "उमरीकर, तुमचं आडनाव काय ते आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. गाव केवढंसं ते. दोघं सोडून गेले, आम्ही जेवत राहिलो. आडनाव कळलं, पाणी तेवढं कळलं नव्हतं."

एवढे दिवस पाटी, पडदा, कॅलेंडर आणि आईचं तोंड झाकून मोठेबाबांनी ज्या गुपिताची राखण केली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्याची राखण करायची तो ड्रम उघड्या रस्त्यावर होता. भाऊसाहेबांना मी काही फार मोठ्या मनाचा माणूस म्हणणार नाही. ते जेवत राहिले कारण जेवण चांगलं होतं, आणि आडनाव माहीत असूनही इतके दिवस त्यांनी मोठेबाबांचं नाटक आनंदानं पाहिलं. पण त्या दिवशी त्यांच्या चार वाक्यांनी काम केलं.

"पिताय का?" आईनं पुन्हा विचारलं.

त्यांनी पेला घेतला, क्षणभर धरला, आणि खुर्चीवर ठेवून दिला. "बाईमाणसानं चारचौघांत असं..." असं काहीतरी म्हणत ते अण्णांकडं वळले. "तू बोल की रे!"

अण्णा म्हणाले, "दादा..." आईनं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटतं तिनं त्यांना पुरेसा वेळ दिला. मग ती समोर बसलेल्यांना म्हणाली, "उद्या सकाळी चूल पेटंल. सैपाक मीच करणार. आमचं नाव सोनकांबळे. ज्याला जेवायचं त्यानं यावं. ताक जेवढं असंल तेवढंच मिळंल."

मोठेबाबा त्याच दुपारच्या गाडीनं उमरीला गेले. जाताना म्हणाले, "माझ्याबिगर चालवून दाखवा." पेला संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर होता. शेवटी मी ते पाणी रस्त्यावर ओतलं, आणि त्या दुष्काळात पाणी ओतताना पहिल्यांदाच मला हळहळ वाटली नाही.

त्यांच्याबिगर चाललं. लगेच नव्हे. पहिला आठवडा पंगत अशी बसायची की ताटांपेक्षा खांब जास्त दिसायचे. पेंटर तिसऱ्यांदा आला आणि 'उमरीकर' खरवडून त्यानं 'सोनकांबळे' लिहिलं, तेव्हा आणखी तिघं गेले. त्यांतल्या एकानं जाताना घरी स्वयंपाकाची सोय झाल्याचं सांगितलं आणि पुढं तो मला समोरच्या खानावळीत रोज दिसायचा. तसबीर बाहेर आली. ड्रमच्या झाकणाला कुलूप लागलं. किल्ली आईच्या कमरेला. बिराजदार वाळून काडी झालेला परत आला, पडदा नसलेल्या दारातून आत बघून म्हणाला, "अक्का, तुम्ही अशा दिसता व्हय!" आणि जेवण झाल्यावर त्यानं जरा बिचकत ताक मागितलं. आईनं त्याच्यासमोर चुलीवरचं पाणी गार करून, त्याच्यासमोर घुसळून दिलं. एकच पेला. पाऊस पडेपर्यंत पंगत पुन्हा दोनदा बसायला लागली होती.

मोठेबाबा काही वर्षांपूर्वी वारले. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, त्यांनी मोठ्या धाडसानं कुटुंबाला जिल्ह्याच्या गावी आणलं, अनेक संकटांत खंबीर नेतृत्व केलं. अण्णा मान हलवत होते. मी पानं वाढायला घेतली, कारण सगळे उपाशी होते आणि जेवण थंड होत होतं.

पण मला शेवट लिहायचा आहे तो त्याच वर्षीचा. पावसाळा सरता सरता मोठेबाबा उमरीहून परत आले. तिथं त्यांच्या हाताखाली कुणी उरलं नव्हतं. गोलाईजवळच्या एका धान्याच्या आडतीवर ते पुन्हा काट्यावर लागले आणि एक दिवस पंगतीत येऊन बसले, खुर्चीवर नव्हे, पाटावर. आईनं न बोलता ताट वाढलं. चार दिवस ते असेच जेवले आणि उठून गेले. पाचव्या दिवशी आईनं त्यांच्या ताटाशी उभं राहून, पदर न ओढता, सरळ त्यांनाच सांगितलं, "भाऊजी, महिन्याचे पैसे आगाऊ असतात. समद्यांचे." ते म्हणाले, "घरच्या माणसाला?" ती म्हणाली, "ठेवलेल्या बाईचं घर न्हाई हे. भोजनालय हाय." शेजारी बिराजदार होता, तो भातात तोंड घालून बसला. मोठेबाबांनी खिशात हात घातला आणि नोटा आईच्या हातात ठेवल्या. आईनं त्या माझ्याकडं दिल्या. मी पावतीपुस्तक काढलं आणि त्यांना विचारलं, "नाव काय लिहू?" त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडं पाहिलं, मग पाटीकडं, आणि सांगितलं. मी लिहिलं: मिळाले रुपये एकशे दहा, एका महिन्याच्या दोन वेळच्या ताटाचे. देणार किसन माधव सोनकांबळे. घेणार गयाबाई सोनकांबळे.